गाडीबद्दल शंका असल्यास

तात्यारावांनी हात वर केला तेव्हा दत्तप्रसादची एकविसावी स्लाईड चालू होती.

"शंका शेवटी घेऊ या, सर," तो म्हणाला.

"शेवट आहे का?" तात्यारावांनी विचारलं आणि हात खाली घेतला.

धायरीतल्या त्या सोसायटीच्या सभागृहात रविवारी सकाळी पस्तीसेक माणसं जमली होती. त्यातली तीस भाषणानंतरच्या इडलीसाठी आली होती, आणि तसं चेहऱ्यावर दिसू द्यायला त्यांना लाजही वाटत नव्हती. तात्याराव शंकेसाठी आले होते. कुठंही प्रवासाचा स्लाईड-शो असला की ते तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची धरत आणि वक्त्याचं एक तरी विधान खोटं पाडल्याशिवाय घरी जात नसत. दुचाकींच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तयार इंजिनं तपासली होती. कुणाच्या भिडेखातर एक इंजिन पास केलं नाही की नापास केलं नाही, असं ते स्वतःच सांगत. ते खरंही होतं, म्हणून लोकांना ते जास्तच असह्य व्हायचे.

"बेसिकली, ॲडव्हेंचर टुरर ही बाईक नाहीये," दत्तप्रसाद सांगत होता. "तो एक माइंडसेट आहे."

"माइंडसेटला ऑइल कुठलं घालतात?" तात्यारावांनी शेजाऱ्याला विचारलं. शेजारी झोपला होता.

दत्तप्रसाद हिंजवडीत मॅनेजर होता आणि पुण्याहून लेहला जाऊन परत येणं त्यानं एखाद्या प्रोजेक्टसारखं तक्त्यात मांडलं होतं. रोजचं अंतर, रोजचं ॲव्हरेज, टायरमधली हवा. त्याच्या जॅकेटवर इतके बिल्ले होते की तो जाऊन आला की बिल्ले विकायला निघाला, असा प्रश्न पडावा. गाडी कशी चालली, हे मात्र तासाभरात एकदाही आलं नव्हतं. 'स्मूद' आणि 'ऑसम' हे दोन शब्द आले होते, आलटून पालटून.

मग बारालाचा खिंड आली. दोन्हीकडे बर्फाच्या भिंती, मध्ये चिखल, चिखलात गाडी, गाडीवर हेल्मेट घातलेला स्वार.

"सोळा हजार फूट. इथं मशीनची आणि माणसाची खरी टेस्ट होते," दत्तप्रसाद म्हणाला.

तात्याराव पुढं झुकले. दत्तप्रसाद सहा फूट उंच होता. फोटोतल्या स्वाराचे जेमतेम चवडे जमिनीला टेकले होते. त्यांनी शेवटच्या रांगेमागं पाहिलं. तिथं दत्तप्रसादची बायको रुपाली टेबलावर इडलीच्या बश्या भरत होती. उंची पाच फूट, फार तर एक इंच वर. तात्याराव पुन्हा मागं टेकले. माणूस ढोंगी असावा, पण इतका आळशी ढोंगी असू नये, असं त्यांना वाटलं.

शेवटची स्लाईड संपली आणि दत्तप्रसादनं घसा साफ केला.

"एक अनाउन्समेंट. बाईकनं तिचं काम केलं. आता ती आपल्या साईकडे जातेय. मांजरीहून खास आलाय तो. आम्ही एसयूव्ही घेतोय. फॅमिलीसाठी सेफ."

साई नावाचा तरुण अर्धवट उठून हसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुपालीच्या हातातली चटणी बशीऐवजी टेबलावर सांडली. तिनं ती पुसली नाही.

"आता शंका," दत्तप्रसाद म्हणाला.

तात्याराव उभे राहिले. "चेन किती वेळा ताणलीत?"

"सर, आपण फुल सर्व्हिसिंग करूनच निघालो होतो."

"ते निघताना. मी वाटेतलं विचारतोय."

दत्तप्रसादनं लॅपटॉपकडे पाहिलं. तक्त्यात चेनचा रकाना नव्हता.

"दोनदा," मागून आवाज आला. "एकदा जिस्पाला, एकदा पांगला."

तात्यारावांनी खुर्चीच उलटी फिरवली. फरशीवर कर्कश आवाज झाला आणि शेजारी जागा झाला.

"बोला बाई. चढाला दम कसा होता?"

"दुसऱ्या गिअरमध्ये रडते. पहिल्यात चढते," रुपाली म्हणाली. "पण मग इंजिन तापतं आणि पंख्याची हवा थेट नडगीवर येते. बुटातून चटका बसतो."

"ओढ्यातून?"

"नीट जाते. ॲक्सिलरेटर सोडायचा नाही. मी एकदा घाबरून सोडला आणि पाडली."

"मग?"

"मग उचलली."

"सामान भरल्यावर?"

"पुढचं चाक हलकं होतं. खडीवर तिच्या मनाप्रमाणे जाऊ द्यावं लागतं. हँडल आवळून धरलं की भांडते."

तात्यारावांना खोडून काढायला काही सापडेना. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. ही बाई गाडी चालवून आली होती आणि इडल्या वाढत होती, आणि तो बिल्लेवाला भाषण देत होता. त्यांना मनापासून चीड आली.

"एवढं तर चालतं, वहिनी," साई म्हणाला. "मी घेणारच आहे."

रुपालीनं हातातली बशी खाली ठेवली.

"हेडपाशी तेल गळतं," ती म्हणाली. "बारालाचापासून."

"काय?" दत्तप्रसाद म्हणाला. "मला नाही कधी दिसलं."

"तू जीपमध्ये होतास. मनालीपासून."

आधी कुणी तरी एक जण हसला, मग सगळे. दत्तप्रसाद प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळू लागला. त्या आधीच गुंडाळलेल्या होत्या.

साई तात्यारावांजवळ आला. "काका, तुम्ही एकदा बघता का? तुम्ही सांगाल ते फायनल."

चौघं खाली पार्किंगमध्ये गेले. दत्तप्रसाद मागच्या चाकापाशी वाकला आणि गंभीरपणे तिथंच तेल शोधू लागला. त्याला इंजिनाचं हेड कुठं असतं हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही. साई फोन आला म्हणून चार पावलं बाजूला झाला.

तात्याराव गुडघ्यांची कुरकुर सहन करत इंजिनापाशी बसले. रुपाली पलीकडे उकिडवी बसली.

"मी आठवडाभर सांगतेय, विकू नको म्हणून," ती हळूच म्हणाली. "तो म्हणतो, तुला आता पुन्हा कुठं जायचंय?"

तात्यारावांनी हेडच्या जोडावरून बोट फिरवलं, एकदा आणि पुन्हा एकदा. सगळीकडे कोरडी, पिठासारखी धूळ होती, एकसारखी बसलेली. तेल गळत असतं तर तिथं काळं, चिकट लिंपण झालं असतं. इतकं निरोगी इंजिन त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्यांनी मान वर केली. रुपाली त्यांच्या बोटाकडे बघत होती. ती काही मागत नव्हती. आपलं खोटं पकडलं गेलंय हे तिला कळलं होतं.

"काय म्हणता, काका?" साई फोन ठेवत आला. "गळतंय का खरंच?"

चाकापाशी वाकलेला दत्तप्रसादही थांबला.

"गळतंय," तात्याराव म्हणाले. "तू दुसरी बघ."

मग ते उठले, खिशातून पांढरा रुमाल काढला आणि साईकडे पाठ करून, तेल लागल्यासारखं, ते कोरडं बोट बराच वेळ पुसत राहिले.