शेवटच्या डब्यातली दांडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी दांडी आहे. दांडी म्हटल्यावर तुमच्यातले निम्मे गालात हसले असतील, कारण तुम्हाला शाळेला मारायची दांडी तेवढी ठाऊक. मी ती नव्हे. रोलर कोस्टरच्या डब्यात बसलात की जी तुमच्या पोटावर येते आणि खट्‌ करून अडकते, ती मी. पैठण रस्त्यानं चितेगाव मागं टाकलं की काकासाहेबांची बाग लागते. तिथल्या ‘नागीण’ नावाच्या गाडीच्या शेवटच्या डब्यात मी राहते. राहते कसली, जखडलेलीच आहे. दोन बिजागऱ्या आणि एक कुलूप, एवढंच माझं जग.

माझा जन्म वाळूजच्या एका शेडमध्ये झाला. सुरुवातीला मी चांगली सरळ होते. तशीच राहिले असते तर कुणाच्या तरी घरी पडद्याची दांडी झाले असते, खिडकीशी बसून गल्लीची मजा पाहिली असती. पण मला तापवलं, वाकवलं, अंगावर काळं रबर चढवलं आणि सांगितलं, “माणूस बसला की धरायचं. गाडी थांबली की सोडायचं.” एवढंच माझं शिक्षण. त्यात मी कित्येक वर्षं नापास झाले नाही.

काय दिवस होते ते! दिवाळीच्या सुट्टीत तर श्वास घ्यायला फुरसत नसायची. शाळांच्या सहली यायच्या, पिशोर-कन्नडकडून टेम्पो भरून माणसं यायची. नवी लग्न झालेली जोडपी यायची, त्यातला नवरा खाली मिशीला पीळ भरायचा आणि चढावर गेला की देवाचा धावा करायचा. “ओ दादा, उतरवा मला! सोडा हो!” असं कितीतरी जण मला धरून ओरडले असतील. कुणी मला बुक्क्या मारल्या, कुणी शिव्या घातल्या. मी हूं की चूं केलं नाही. सोडलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना खाली आल्यावर कळायचं. पण तेव्हा माझ्याकडे पाहतंय कोण? “नागीण लई भारी!” म्हणत सगळे पळायचे ते थेट भेळेच्या गाडीवर.

मला राग यायचा. खरं सांगते, यायचा. आणि त्याहून जास्त एक गोष्ट मनाला लागायची. मी वाऱ्यासारखी धावायचे, पण पोचायचे कुठं? निघाले तिथंच. उंचावरून मला लांबवरचा रस्ता दिसायचा, त्यावरून धावणारे ट्रक दिसायचे. ते कुठंतरी जात होते. मी लोकांना धरून ठेवत होते आणि रूळ मला धरून ठेवत होते.

मग शहरात नवेनवे मॉल झाले, पाण्याच्या घसरगुंड्यांच्या बागा झाल्या आणि आमच्याकडची गर्दी आटली. एका पावसाळ्याच्या तोंडी काकासाहेबांनी नागीण बंद केली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणाल्या होत्या, “आवो, बंद ठेवा, पण तेलपाणी तर करत ऱ्हावा.” काकासाहेब म्हणाले, “बंद गाडीला कशाला पाहिजे तेल? उगं मढ्याला शृंगार!”

मढं! मित्रांनो, मी ते ऐकलं. त्या दिवशी मी वर उचललेलीच होते आणि तशीच राहिले, वर्गाबाहेर हात वर करून उभ्या केलेल्या पोरासारखी. वर ताडपत्री टाकली. तिला एक भोक होतं, त्यातून हातभर आभाळ दिसायचं. पाऊस मात्र त्या भोकातून बरोब्बर माझ्या कुलपावर पडायचा. कुलपातला खटका आधी करकरला, मग मुका झाला. एका मैनेनं डब्यात काड्या आणून टाकल्या, पण तिलासुद्धा जागा पसंत पडली नाही. ती गेली. जायला तिला पंख होते.

यंदा मात्र बागेत अचानक झाडलोट सुरू झाली. काकासाहेबांनी सगळ्यांच्या फोनवर निरोप फिरवला होता, ‘आपली बाग नव्यानं उभी करायची आहे. कोणता नवा पाळणा हवा, कोणती गाडी हवी, चित्र काढून आणा.’ आता आमच्या नागिणीचे वेडे म्हणवणाऱ्या पोरांचा एक गट आहे. लहानपणी ती पोरं माझ्याखाली बसून रडली होती आणि मोठेपणी तेच अभिमानानं सांगतात. सगळे हजर झाले. पुंडलिकनगरच्या ऋतुराजनं तर खराट्याच्या काड्यांची अख्खी रोलर कोस्टर करून आणली होती. ऋतुराज कॉलेजात शिकतो, पण डोक्यात चोवीस तास रूळच.

ताडपत्री निघाली, ऊन अंगावर पडलं आणि मला वाटलं, सुटले! तेवढ्यात काकासाहेबांचे शब्द कानावर आले. “नवी गाडी ठरली की ही नागीण कापून भंगारात द्यायची.” असं उजाडणं काय कामाचं?

आता आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम सत्काराशिवाय सुरू होत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. एकाच्या डोक्यात कल्पना आली की काकासाहेबांचा सत्कार नागिणीतच करायचा, फोटो झकास येईल. काकासाहेब बागेचे मालक, पण आजवर एकदाही नागिणीत बसलेले नव्हते. ते शेवटच्या डब्यात बसले. लाल फेटा बांधला, शाल घातली, श्रीफळ हातात दिलं. ते त्यांनी मांडीवर ठेवलं. फोटो काढणारा ऋतुराजला म्हणाला, “दांडी पण लाव की राव, खरं वाटलं पाहिजे!” ऋतुराजनं मला खाली ओढलं. मी जाम झाले होते, म्हणून त्यानं अंगातलं सगळं बळ लावलं. मी कर्रर्र करत आले ती थेट काकासाहेबांच्या पोटावर. पोट, त्यावर नारळ, त्यावर मी. खट्‌!

फोटो झाला, टाळ्या झाल्या. मग ऋतुराजनं मला वर उचललं. मी हलले नाही. दोघांनी उचललं, चौघांनी उचललं. काकासाहेबांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला.

“अय, निघंना का रं? नारळ रुतायलाय पोटात!”

मित्रांनो, मी मुद्दाम केलं असं समजू नका. मढं म्हणणाऱ्याला अद्दल घडावी असं क्षणभर वाटलं, नाही कशाला म्हणू? पण मला खरंच सोडायचं होतं. सोडणं हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहे. खटकाच गंजून बसला होता. ते माझ्याखाली अडकले होते आणि मी माझ्यातच अडकले होते.

कुणीतरी चितेगावच्या वर्कशॉपमधून सुदर्शनला बोलावलं. तो कटर घेऊनच आला. “काका, दोन मिनिटांचं काम हाय. दांडी कापून टाकतो. तसंबी हे भंगारच हाय ना?” त्यानं काकासाहेबांच्या अंगावर ओलं पोतं टाकलं आणि कटर सुरू केला. पातं मला टेकलं. ठिणग्या उडाल्या. मला वाटलं, संपलं सगळं. त्याच क्षणी काकासाहेबांनी घाबरून हाताला लागेल ते गच्च धरलं. हाताला लागले ती मीच. ज्या दांडीला भंगारात द्यायला निघाले होते, तिलाच दोन्ही हातांनी धरून ते ओरडले, “थांब! थांब रं बाबा!”

कटर थांबला. लक्ष्मीबाई गर्दीतून पुढं आल्या. “काय रं सुदर्शन, घरचं कुलूप अडकलं की पहिल्यांदा कटरच लावतो का? आधी तेल तर घाल!”

“काकू, तेल नाय आणलं.”

“मग ही समई काय शोभेला ठेवलीय?”

कार्यक्रमाची समई टेबलावर तयार होती. लक्ष्मीबाईंनी शेजारची तेलाची बुधली उचलली आणि माझ्या कुलपात धार धरली. किती काळानं, मित्रांनो! ते तेल माझ्या कुलपात उतरत होतं आणि मला रडू येत होतं.

सुदर्शन म्हणाला, “आता मुरू द्या. वेळ लागंल.” काकासाहेबांनी सुस्कारा टाकला. “बसलोच हाये तर दाखवा पोरहो, तुमची चित्रं.”

मग सगळे डब्याभोवती गोळा झाले. ऋतुराजची गाडी देवगिरी किल्ल्यातल्या अंधारीसारख्या मिट्ट काळोखातून जाणार होती, वर वटवाघळं सोडायचीही त्याची तयारी होती. बँकेत काम करणारी तनुजा म्हणाली, “माझी गाडी कैलास लेणं कोरलंय तशी, वरून खाली. लोक टेकडी पायी चढतील आणि तिथून नुसता उतार!” एकानं तर तीन वेळा उलटं करणारी गाडी काढली होती. काकासाहेब एरवी खूश झाले असते. पण पोटात नारळ रुतलेला माणूस वेगळं पाहतो. ते प्रत्येक चित्र जवळ धरायचे आणि विचारायचे, “ह्याच्यात तेल घालणारा कुठंय?”

पोरांनी आपापली चित्रं पुन्हा पाहिली. काळोख होता, वटवाघळं होती, तिकिटाची खिडकी होती, आइस्क्रीमवालासुद्धा होता. तेल घालणारा कुणीच काढला नव्हता. दांडी तर एकाही चित्रात नव्हती. तनुजानं पेन्सिल काढली आणि टेकडीच्या पायथ्याशी बुधली घेतलेला एक माणूस काढला. “व्हय, आता कसं!” काकासाहेब म्हणाले. “आता माझ्यासारखं कुणी अडकणार नाय.”

आणि तेवढ्यात माझा खटका बोलला. खट्‌! मी अलगद वर गेले. नारळ गडगडत खाली पडला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. काकासाहेब मात्र उठले नाहीत. त्यांनी कटरनं पडलेल्या माझ्या खाचेवरून अंगठा फिरवला. “माझ्याच आळसानं अडकलो गं,” असं ते हळूच म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, “नवी गाडी तनुजाची करायची. पण नागीण कापायची नाय. आधी हिला धड करा.”

धड करायला बरेच दिवस गेले. चाकं बदलली, रूळ तपासले, माझा खटका नवा बसवला. त्यानंतर माणसांऐवजी वाळूची पोती बसवून गाडी फिरवली. मीही एक पोतं धरलं. पोतं ओरडत नाही, शिव्या देत नाही, बुक्क्या मारत नाही. आणि मला धरतही नाही. तेव्हा कळलं की मला काय हवं होतं. मला ते ट्रकवालं रस्त्यावरचं जग नको होतं. मला फक्त घाबरलेले दोन हात हवे होते.

मित्रांनो, पुढंमागं टेकडीवरची नवी गाडी सुरू होईल आणि तेव्हा माझं काय होईल, मला माहीत नाही. पण तुम्हीही उद्या चित्रं काढाल. गाडीचं काढा, घराचं काढा, अख्ख्या शहराचं काढा. फक्त कोपऱ्यात एक तेलाची बुधली आणि ती धरणारा हात विसरू नका. आणि बंद पडलेल्याला मढं म्हणू नका. त्याला ऐकू येतं.

परवा नागीण पुन्हा सुरू झाली. पहिल्या फेरीला लक्ष्मीबाई आल्या, तेही शेवटच्या डब्यात. पदर खोचला, मला स्वतः खाली ओढलं आणि खटका बसल्याचं दोनदा हलवून पाहिलं. गाडी चढावर चढली. माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखी झाली. समोर नुसता उतार. लक्ष्मीबाईंनी डोळे गच्च मिटले, मला दोन्ही हातांनी आवळलं आणि म्हणाल्या, “सोडू नको गं बाई!”

मी कशाला सोडते!