दुमडती खुर्ची

आखातातल्या राई भागातल्या शोरूममध्ये दीनानाथनं दुमडती खुर्ची मिटली, उघडली, पुन्हा मिटली आणि मनाशी हिशेब मांडला. कॉम्प्युटरवर विमान उडवायची ही खुर्ची घेतली की जुईली शुक्रवारच्या सुट्टीत घरात राहील. पायलट व्हायचं तिचं वेड खरं की पंधराव्या वर्षाचं, तेही स्वस्तात कळेल. आणि वेड उतरलंच, तर पुण्याच्या फ्लॅटला एक खुर्ची झाली. सगळीकडून फायदाच.

जुईली मात्र शेजारच्या लोखंडी सांगाड्यात बसली होती. शुवैखच्या गॅरेजात वेल्डिंग केलेला, जाड नळ्यांचा. तिनं पायाखालचं पेडल जोरात दाबलं.

“बाबा, बघा ना, हलतच नाही. एकदम सॉलिड!”

“म्हणूनच नको. हे धूड कार्गोत कसं घालायचं?”

“पण आपण जातोय कुठं?”

“पुढच्या वर्षी पुण्याला. फायनल.”

दुकानदार अशरफ रत्नागिरीचा. दीनानाथचं ‘पुढच्या वर्षी’ तो सात वर्षं ऐकत होता.

“साहेब, पोरीला विमानात बसवायचंय, की विमानाला खोक्यात?”

दीनानाथ हसला, आणि खोक्याची लांबी टेपनं मोजून घेतली.

सालमियाच्या घरी जुईलीनं सीट आपल्या पायांच्या मापानं पुढं ओढून नॉब आवळला. पेडल दाबलं की खुर्ची मागं सरकायची. तिनं ती भिंतीला टेकवली आणि संध्याकाळभर उडत राहिली. उतरताना तीनदा आपटली, चौथ्यांदा अलगद टेकली. “बाबा, पाह्यलंत?” दीनानाथ तेव्हा खोक्यातलं थर्माकोल नीट रचून ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं खुर्ची परत खोक्यात घातली.

“इथं धूळ किती! आता नव्या घरातच लावू.”

“मिक्सर, डिनर सेट, आता विमान,” सुचित्रा नवऱ्याला म्हणाली. “पलंगाखाली आणखी कोणाला जागा दिलीय?”

नोकरीचं काँट्रॅक्ट वाढलं. मग पुन्हा वाढलं. जुईली आधी दर शुक्रवारी विचारायची, मग सुट्टी लागली की, मग विचारेनाशी झाली. बारावीनंतर तिनं अकाउंट्स घेतलं आणि टोरांटोला गेली. फ्लाइंगचा विषय दीनानाथनंच एकदा फोनवर काढला.

“ते होय? लहान होते हो बाबा.”

शेवटी २००९ मध्ये दोघं परतली आणि पुण्याला खोकं उघडलं. खुर्चीवर एक ओरखडा नव्हता. दीनानाथ बसला, तर गुडघे थेट छातीशी आले.

“अहो, तो नॉब सैल करा. सीट मागं घ्या,” सुचित्रा म्हणाली.

त्याचा हात नॉबपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

“असू दे.”

तसाच आखडून तो बराच वेळ बसला. खुर्चीचे दिनार त्यानं भरले होते, कार्गोचं भाडं कंपनीनं. उरलेलं सगळं जुईलीनं भरलं होतं. पावतीसुद्धा मागितली नव्हती.