उलट्या दिशेचे खवले

त्याने वेल्डिंगचा मास्क डोक्यावरून उपटला आणि टेबलावर आदळला.

"काच बदल! काही दिसत नाही हिच्यातून."

"सकाळीच बदललीय, बाबा," मुलगी म्हणाली.

"मग रॉड ओले असतील. नाहीतर आहेच, चूक माझी! सगळ्या जगात मीच तेवढा चुकतो."

मुलीने पाईपचे तुकडे बाजूला सारले. शाळेच्या गच्चीचा कठडा दुपारी जायचा होता. सोळा सांधे. शेवटचा त्याने आत्ताच जोडला होता. उद्यापासून पोरं या कठड्यावर रेलणार होती.

हातोडी घेऊन तो सांधे तपासायला बसला. अलीकडे डोळ्यांआधी त्याचा अंगठा फिरे. चौथ्या सांध्यावर अंगठा अडला. गोठलेल्या लोखंडाचे खवले उजवीकडे जायचे ते डावीकडे गेले होते. पाचव्यावरही तसेच. सहाव्यावरही.

त्या घरात डावखुरं माणूस एकच होतं.

"माझे किती सांधे उकरून पुन्हा जोडलेस?"

"बारा."

"मी जेवायला गेलो की चोरासारखी?"

"ग्राइंडरचा आवाज आळीभर जातो, बाबा. तुम्हीच ऐकला नाही."

त्याच्या कानशिलाची शीर तटतटली. त्याने हातोडी उगारली ती तिच्या पहिल्या सांध्यावर. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. फोडायचेच म्हणून तो घाव घालत गेला. बाराही सांधे खणखणले. एकही तडकला नाही.

धापा टाकत तो शेवटच्या, स्वतःच्या सांध्याशी आला. दुसऱ्याच घावाला पाईप सुटून लोंबकळला. वितळलेलं लोखंड फटीच्या शेजारून वाहून गेलं होतं. फट होती तशीच होती.

त्याने हातोडी खाली ठेवली.

"लहानपणी डाव्या हाताने चमचा धरलास की फटका द्यायचो तुला," तो म्हणाला.

"हो. सगळे फुकट गेले."

त्याने मास्क ओढून घेतला. पट्ट्याची भोकं बोटाने चाचपली, पट्टा तिच्या मापाने दोन भोकं आवळला आणि मास्क तिच्या डाव्या हाताशी सरकवला.

"काच मात्र बदल," तो खेकसला. "खराबच आहे ती."

"बदलते," ती म्हणाली, आणि तोच मास्क तिने डोक्यावर चढवला.