दारावरचे झिमोरादव

मी एक जुनी पितळेची पाटी आहे. पीटर्सबर्गमध्ये नेवा नदीजवळच्या एका दारावर मी आयुष्य काढले. कारागिराने माझ्यावर फक्त आडनाव कोरले, 'झिमोरादव'. पुढचे नाव त्याने कोरलेच नाही आणि मित्रांनो, सगळा घोळ तिथेच झाला.

आत तीन भावंडे राहत. थोरले प्लातोन संगीतकार, मधली ग्लाफिरा कवयित्री. धाकटा येवलाम्पी मुलांच्या पुस्तकांसाठी बदके काढी, त्याला कोणी खिजगणतीत धरत नसे. घंटा वाजली की थोरली दोघे 'माझ्याकडेच आले' म्हणत धावत. एकदा एका चाहत्याचा गुच्छ दोघांनी असा ओढला, की त्या बिचाऱ्याच्या हाती नुसते देठ उरले. तेव्हा मला दर शनिवारी घासूनपुसून लख्ख करत.

मग क्रांती झाली. झिमोरादवांसारख्या उमरावांची आडनावे दारावर मिरवणे धोक्याचे ठरले. एके सकाळी इमारतीचा कारभार पाहणाऱ्या घरसमितीचे साव्वा कुझ्मिच पेचकस घेऊन आले. पहिला स्क्रू निघाला आणि माझे धाबे दणाणले.

प्लातोन म्हणाले, "काढा हवं तर. पण हे नाव माझ्या संगीतानं मोठं झालंय."

"तुझ्या मैफलीत लोक घोरतात, प्लातोशा," ग्लाफिरा म्हणाली.

"आणि तुझ्या कविता ऐकून जागे होऊन पळतात."

साव्वा कुझ्मिच कंटाळून म्हणाले, "मी तुमचं दोघांचंही काही ऐकलेलं नाही. बदकांवाले झिमोरादव इथेच राहतात का? माझी लेक त्यांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपते."

येवलाम्पी लाजत बाहेर आला. त्याने तिच्यासाठी चष्मा घातलेले एक बदक काढून दिले. साव्वा कुझ्मिचनी चित्र टोपीत जपून ठेवले आणि स्क्रू पुन्हा पिळून बसवला.

मग ग्लाफिराने धाकट्याला हळूच विचारले, "तुझी बदकं आम्हाला दाखवतोस?"

"कुठली?"

"सगळी."

त्या दिवशी कोबीचे सूप निवून गेले, तरी कोणी जेवायला उठले नाही. दाराआडून मला प्लातोनचा आवाज आला, "हे बदक एवढं फुगून का बसलंय?"

"तो तू आहेस," येवलाम्पी म्हणाला.

सर्वांत मोठ्याने प्लातोनच हसले.

मित्रांनो, आता मी काळवंडले आहे. मला जरूर पुसा, पण घरातल्या धाकट्याचीही विचारपूस करा. पितळेला कितीही वाट पाहता येते, माणसाला फार नाही.