वहीतली तीन तारीख

दुपारी तीननंतर फौजदारी कोर्टाचं दफ्तर पेंगायला लागायचं. पंख्याखाली फायलींची पानं एका लयीत वर-खाली होत आणि अर्जांच्या खिडकीवर बसलेल्या तिला वाटायचं, कपाटांत ओळीनं तान्ही बाळं झोपलीत. जरा खुट्ट झालं तर सगळी एकदम उठतील. घरी सात महिन्यांची लेक होती. रात्रभर तिचा श्वास मोजायचा, ती सवय दिवसाही सुटत नव्हती.

"बाई, एवढा अर्ज घ्या."

खिडकीपलीकडे एक म्हातारा शिंपी उभा होता. बाहीला पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. "लेकीला शिक्षा झालीय. आता नवा साक्षीदार मिळालाय. खटला पुन्हा चालवा, असं लिहून दिलंय वकिलांनी."

तिनं वही उघडली. निकाल वहीत नोंदला की दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवस मोजायचे, तेवढ्यात असा अर्ज यायला हवा. नोंद तीन तारखेची, तिच्याच अक्षरात. आज अठरा.

"पंधरावा दिवस. परत पाठव," शेजारच्या टेबलावरून मोठे कारकून मान वर न करता म्हणाले. त्यांना सगळे कॅलेंडरकाका म्हणत, तोंडावरसुद्धा.

"काका, एकच दिवस..."

"एकच दिवस म्हणे! तुझ्या लेकीला एकच डिग्री ताप जास्त असला, तर चालतं का गं?"

ताप. तो शब्द विहिरीत खडा सोडावा तसा तिच्या आत खोल खोल जात राहिला. तळाशी तीन तारखेची संध्याकाळ होती. पाळणाघराचा फोन, न संपणारा जिना, खांद्यावर कढत इवलंसं डोकं. वही मिटलेलीच राहिली होती. चार तारखेला सकाळी येऊन तिनं नोंद केली आणि वर कालची तारीख टाकली. कुणाला पत्ताही लागला नव्हता.

शिंपी अर्जाची घडी घालत होता, काठाला काठ जुळवत, झबल्याची घालावी तशी.

"लहानपणी ताप आला की माझ्या मशीनच्या आवाजावरच झोपायची," तो स्वतःशीच म्हणाला.

तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. कपाटांतली पानं हलायची थांबल्यासारखी वाटली. सगळ्यांनी मिळून श्वास धरून ठेवावा तशी.

"काका, ही नोंद मी चार तारखेला केलीय. तारीख खोटी घातली."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "झोपेत बोलतेयस का?"

"नाही. आजचा चौदावा दिवस आहे."

"लिहून द्यावं लागेल. साहेबांपुढे उभं राहावं लागेल. नोकरीवर येईल, पोरी."

"देते लिहून."

काकांनी टेबलाचा खण उघडला. मग एक कोरा कागद सरकवत म्हणाले, "अक्षर नीट काढ. आणि तो अर्ज घे आधी. पुढचं न्यायाधीश बघतील."

शिंप्यानं घडी उलगडली. तिनं शिक्का इतका हळू टेकवला, की झोपलेल्या कुणाला जाग येऊ नये. अठराचा आकडा उमटलाच नाही.

"अगं, जोरात!" काका ओरडले.

तिनं पुन्हा शिक्का उचलला आणि सगळा भार देऊन दाबला.