किल्लीची मुदत

खिडकीखालच्या संगणकाची तारीख त्यांनी मार्चवर आणून ठेवली, एंटर दाबलं आणि खुर्चीत मागे रेलले. बाहेर नोव्हेंबर होता. संगणकाला तो दिसत नव्हता, हे एक बरं होतं.

पडद्यावर ओळी सरकू लागल्या. दातांच्या पाच दवाखान्यांतल्या रुग्णांच्या दिवसभराच्या नोंदी गोळा करायच्या, त्यांना कुलूप घालायचं आणि तो बॅकअप दूरच्या सर्व्हरवर ठेवून द्यायचा, हा त्यांचा धंदा. खरं तर दोघांचा. प्रोग्रॅम ते लिहायचे आणि गिऱ्हाइकांशी बायको बोलायची. बोलण्याचं खातं आयुष्यभर तिच्याकडे राहिल्यामुळे त्यांच्या जिभेला सवयच लागली नव्हती, आणि आता ती नव्हती तेव्हा बोलायचं कोणाशी, हाही प्रश्न होताच.

कुलपाचा नियमसुद्धा तिचाच. प्रत्येक बॅकअप दोन माणसांच्या नावे बंद व्हायचा. उघडायला दोघांपैकी कोणाचीही किल्ली चालेल, पण नावं दोन हवीतच. एका नावावर प्रोग्रॅम काम करायलाच नकार द्यायचा.

"मला काही झालं तर तू उघडशील, तुला झालं तर मी," ती म्हणायची. "आणि दोघांना एकदम झालं तर डॉक्टर लोकांनी सगळ्यांचे दात पुन्हा मोजावेत."

किल्ल्यांना मुदत असे. मुदत संपलेल्या किल्लीसाठी कुलूप लागत नसे. तिची किल्ली मार्चमध्ये संपली, ती स्वतः त्याच्याही बरीच आधी गेली होती. मार्च उलटला त्या संध्याकाळी त्यांनी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. गॅसवाला, वीजवाला, बँक, आणि एक भाऊ, ज्याच्याशी शेवटचं बोलणं स्मशानात झालं होतं. दुसऱ्या किल्लीसाठी द्यावं असं एकही नाव त्यात नव्हतं. मग त्यांनी फोन पालथा ठेवला आणि संगणकाची तारीख मागे घेतली. कुलूप लावणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये बसवलेला दुसऱ्यांनी लिहिलेला तयार भाग, जुनी आणि भाबडी होती, घड्याळ सांगेल ते खरं मानायची. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते लायब्ररीच्या डोळ्यांत धूळ फेकत आले होते.

आज मात्र शेवटी एक पिवळी ओळ आली. जुनी लायब्ररी आता बंद होणार, नवी बसवून घ्या. त्यांनी नवी उतरवून घेण्याची आज्ञा दिली. लाल अक्षरं उमटली: समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही.

त्यांनी आज्ञा पुन्हा तपासली, केबल काढून पुन्हा लावली, आणि मग कपाळावर हात मारला. तारीख पुढे घ्यायचीच राहिली होती. मार्चमध्ये बसलेल्या त्यांच्या संगणकाच्या हिशेबी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं.

तारीख सरळ केली तशी लायब्ररी मुकाट बसली. पण ही नवी जरा पोहोचलेली निघाली. घड्याळावर न विसंबता बाहेरून वेळ विचारून घेत होती. त्यांनी तारीख परत मार्चवर नेली, तरी तिने स्वच्छ सांगितलं: दुसऱ्या किल्लीची मुदत संपली आहे. बॅकअप बंद करता येणार नाही.

 ते दिवा मालवून तसेच उठले.

सकाळी एका डॉक्टरचा फोन आला. पाच दवाखान्यांपैकी सगळ्यात जवळचा तिचा, दोन गल्ल्या पलीकडे.

"काका, काल बॅकअप झाला नाही असा निरोप आलाय. तब्येत बरी आहे ना?"

"येतो," एवढंच ते म्हणाले.

दुपारी ते लॅपटॉप घेऊन पोहोचले तेव्हा दवाखान्यात रुग्ण नव्हते. ती टेबलावर डबा उघडून बसली होती. तिने डबा बाजूला सारला, त्यांच्यासाठी जागा केली आणि आपल्या संगणकावरची यादी दाखवली.

"आणि हे बघा, आधीच्या सगळ्या बॅकअपवर मार्चचीच तारीख दिसतेय. असं कसं?"

त्यांनी रुग्णांच्या खुर्चीवरच्या बंद दिव्याकडे पाहिलं.

"काकूंची किल्ली मार्चपर्यंतच चालत होती."

तिने यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली.

"म्हणजे तुम्ही रोज तारीख मागे..."

"रोज."

"आणि मधेच तुम्हाला काही झालं असतं तर? हे सगळं कोणी उघडलं असतं?"

"कोणी नाही. डॉक्टर, चूक झाली माझी. तुमच्या रुग्णांच्या नोंदी..."

"नोंदींचं राहू द्या हो," ती जरा चिडूनच म्हणाली. "तुम्हाला काही झालेलं आम्हाला कळलं तरी असतं का?"

 ते उगाच लॅपटॉपची वायर सोडवू लागले.

"माझं नाव घाला दुसरं," ती म्हणाली.

"तुम्हाला कशाला उगाच व्याप?"

"दिवसभर लोकांच्या अक्कलदाढा उपटते मी. व्यापाचं मला सांगू नका. कुठे लिहायचं नाव?"

त्यांनी तिच्या संगणकावर नवी लायब्ररी बसवली. तिने नाव घातलं. पुढचा प्रश्न आला.

"मुदत किती ठेवायची?"

"पाच वर्षं. आमच्याकडे कायम पाचच. तुमची काकू पाचाच्या खाली यायची नाही. म्हणायची, सारखं सारखं कोण करत बसणार?"

"मग त्यांची अशी मार्चमध्ये कशी संपली?"

"शेवटच्या किल्लीला एकच वर्ष टाकलं तिने. इस्पितळात केली ना. औषधांची गुंगी असेल, पाचाच्या जागी एक दाबला गेला असेल."

हे ते आजवर स्वतःला इतक्यांदा सांगत आले होते की वाक्य आपोआप बाहेर पडलं. पण मोठ्याने म्हटल्यावर ते त्यांच्याच कानाला खटकलं. त्याच दुपारी तिने उशीला टेकून त्यांचा प्रोग्रॅम वाचला होता आणि एक निसटलेला स्वल्पविराम पकडून त्यांना हसली होती. गुंगीतलं माणूस स्वल्पविराम पकडत नाही. आणि नवी किल्ली करायची मुळात गरज काय होती? जुनीला अजून दोन वर्षं होती. "जुनी बदलून टाकू या," ती म्हणाली, आणि त्यांनी का म्हणून विचारलं नाही. एकाने परवलीचे शब्द टाइप करताना दुसऱ्याने तोंड फिरवायचं, ही त्या दोघांची रीत. तेव्हाही ते खिडकीकडे वळून उभे राहिले होते. पाठीमागे तिची बोटं सावकाश चालली होती.

"काका?"

"चूक नव्हती ती," ते म्हणाले. "वर्षभरात ह्यांना कोणीतरी सापडेल, असं म्हणाली असेल मनाशी."

"कोण सापडेल?"

त्यांनी मान हलवली आणि चष्मा काढून पुसला. 

"मग मी किती घालू?"

"पाच," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "जमत असेल तर."

तिने पाचाचा आकडा दाबला. "आता परवलीचे शब्द मागतंय."

"ते कोणालाही सांगायचे नाहीत. मलासुद्धा नाही."

ते उठून खिडकीशी गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. समोरच्या पायरीवर कोणीतरी छत्री वाळत टाकली होती. पाठीमागे कीबोर्डच्या कळा वाजू लागल्या, थांबल्या, परत वाजू लागल्या. शब्द लांबलचक असावेत, किंवा तिचं चुकत असावं. झालं का, असं विचारण्याची त्यांना घाई नव्हती.