निरामिष आमिष

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी मासा नाही. डोळे, पोट, शेपूट सगळे माशासारखे आहे, पण माझ्यात मांसाचा कणही नाही. माशांना फसवण्यासाठी केलेला मी एक खोटा मासा आहे. आता माझा रंग उडाला आहे, एका डोळ्याचा टवका गेला आहे आणि ओठ तर केव्हाच तुटला आहे. त्या तुटलेल्या ओठाचीच गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म दातांच्या कारखान्यात झाला. हसू नका. जिने मला घडवले ती ताई लोकांच्या कवळ्या बनवते. तिच्या टेबलावर प्लास्टरचे जबडे रांगेने मांडलेले असतात आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी असते. 'वरचा, बोलताना सुटतो.' 'आजी, शुक्रवारी नक्की.' हिरड्यांसाठी ती गुलाबी भुकटीत उग्र वासाचे पाणी घालून घट्ट मिश्रण करते, ते साच्यात दाबून भरते, साचा गरम पाण्यात ठेवते आणि तयार झालेली कवळी मोटरवर घासून चकचकीत करते. एकदा असेच थोडे मिश्रण उरले आणि त्यातून मी झालो. म्हणजे माझी सख्खी भावंडे लोकांच्या तोंडात गेली आणि मी माशांच्या. आमचा धंदाच खोटेपणाचा, पण आमच्यावाचून लोकांचे अडते, त्याला कोण काय करणार?

मला करण्याचे कारण होते ताईचे बाबा. त्यांनी चाळीस वर्षे काचा कापल्या. काचेवर हिरकणी एकदाच फिरवायची, दुसरी रेघ मारली की काच दगा देते, असे ते म्हणत, आणि दुसरी रेघ त्यांना कधी मारावी लागली नाही. मग त्यांचा उजवा हात थरथर कापू लागला. नवल असे, की काम करताना तो कमी कापे आणि नुसता मांडीवर ठेवला की जास्त. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, गोळ्या दिल्या. बाबांनी लोकांना सांगितले की गुडघे दुखतात, आणि दुकान बंद केले. हात त्यांनी पँटच्या खिशात घातला. चारचौघांत तो परत बाहेर आला नाही.

दर रविवारी तळ्यावर जायचे, तेही थांबले. गळाला गांडूळ टोचायला दोन्ही हात लागतात, आणि हात कापत असेल तर गळ गांडुळात शिरेल की बोटात, याचा नेम नाही. बाबा म्हणू लागले, "तळ्यात आता मासेच राहिले नाहीत." त्यांचा रॉड दारामागे गेला आणि त्यावर घरातले मोजे वाळू लागले. ते मोजे ताईला बघवेनात, म्हणून तिने मला करायला घेतले. मला गांडूळ लागत नाही. मला एकदा तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, बांधले की झाले.

कवळीचे मिश्रण पाण्यात दगडासारखे बुडते. म्हणून ताईने माझे दोन पोकळ भाग केले, आत लोखंडाची एक गोळी सोडली आणि मग ते चिकटवले. पोटात शिशाचा छोटा तुकडा घातला, म्हणजे मी उलटा होणार नाही. कवळीच्या तारेची एक कडी नाकाला लावली, तंगूस बांधायला, आणि पोटाखाली तीन काट्यांचा गळ अडकवला. डोळे केले एका दाढेचे दोन तुकडे करून. राहिला ओठ. आमच्यासारख्यांच्या तोंडापुढे एक पारदर्शक पट्टी असते, तिला मी ओठ म्हणतो. दोरी ओढली की पाणी त्या ओठावर आपटते आणि आम्ही बुडी मारून डावी-उजवीकडे डुलत पोहतो. ताईचा हिशोब सरळ होता. ओठ मोठा ठेवायचा, म्हणजे पोहायचे काम मी करीन आणि बाबांच्या हाताला काही करावे लागणार नाही.

"बाबा, ही पट्टी तेवढी कापून द्या ना," ती म्हणाली. "तुमच्यासारखी रेघ मला नाही जमत."

"तूच काप. मला चष्मा सापडत नाहीये," बाबा म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

ताईने पट्टी कापली. ती केसभर वाकडी झाली. बाबांनी ते दारातूनच पाहिले, पण हात खिशातच राहिला. मला त्या दिवशी फार वाईट वाटले, ओठाचे नाही, त्यांचे.

ताईची आई शाळेत भाषा शिकवायची. निवृत्त झाली तरी तिची खोड गेली नव्हती. मला तळहातावर घेऊन ती म्हणाली, "आमिष म्हणजे मुळात मांस. म्हणून तर सामिष जेवण, निरामिष जेवण. याच्यात मांस कुठंय? म्हणजे हे झालं निरामिष आमिष!" तेव्हापासून घरात माझे नाव निरामिष पडले. राहायला मला कवळीची एक रिकामी डबी मिळाली.

पुढच्या रविवारी रॉडवरचे मोजे उतरले. ताईने बाबांना जवळजवळ ओढतच तळ्यावर नेले. तिथे फळ्यांच्या धक्क्यावर बाबांचे जुने मित्र बसले होते. ते निवृत्त पोस्टमन. त्यांच्याजवळ तीन मजली पेटी होती आणि तिच्या प्रत्येक खणात माझ्या जातीचे पाच-सात जण झोपलेले होते. सगळे त्यांना पेटीमास्तर म्हणत. मला पाहताच ते ओरडले, "अरे, ही हिरडी पोहायला आणलीस की काय!"

"पोरीने केलंय," बाबा म्हणाले.

"बरं बरं. पण पाणी बघून आमिष निवडायचं असतं रे. पाणी स्वच्छ असलं की फिका रंग, खऱ्या माशासारखा. गढूळ असलं की गडद रंग, आणि आत खुळखुळा हवा, कारण तिथे मासा डोळ्यांनी नाही, अंगाने ऐकतो. थंडीत हळू ओढायचं. झाडोरा असेल तिथे उघडा गळ टाकायचा नाही. माझ्याकडे सगळ्या पाण्यांचं आहे."

"तुझ्या पेटीतले निम्मे रंग माशांना पकडायला नाहीत काढलेले," बाबा म्हणाले. "तुला पकडायला काढलेत."

पेटीमास्तर स्वतःच मोठ्याने हसले. मित्रांनो, पेटीमास्तरांचे पाण्याबद्दलचे बोलणे मात्र खरे होते, हे मी पाण्यात राहून सांगतो. त्यांचे ऐकून ताईने पुढे माझ्या पाठीला शेवाळी रंग दिला. पोट गुलाबीच राहिले.

त्या तळ्यात बास नावाचा मासा आहे. त्याचे तोंड मोठे, भूक मोठी, पण संशय त्याहून मोठा. तो बुडालेल्या झाडाच्या सावलीत उभा राहतो आणि समोरून जाणाऱ्याला न्याहाळतो. मी त्याच्यासमोरून गेलो आणि माझी फजिती झाली. बाबांचा हात तंगूस गुंडाळायचे रीळ एकसारखे फिरवू शकेना. रीळ धक्क्याधक्क्याने फिरे आणि प्रत्येक धक्क्याला माझा तो मोठा वाकडा ओठ मला एका कुशीवर पाडी. ज्या ओठाने हाताला मदत करायची, तोच हाताची चुगली करत होता. असे तीन रविवार गेले. एकही बास हलला नाही. तिसऱ्या रविवारी बाबा ताईला म्हणाले, "आता पुरे. पुढच्या वेळी तू ये एकटी." ताईने फक्त आणखी एकदा मला पाण्यात टाकायला सांगितले.

त्या फेकीत हात नको तेव्हा हलला आणि मी पाण्याऐवजी काठच्या खडकावर आपटलो. ओठ मुळापासून तुटला. मी घरंगळत पाण्यात पडलो. मला वाटले, संपले आपले.

वर बाबांनी रीळ फिरवायचे सोडून दिले होते. रॉड मांडीवर टेकवून ते नुसते बसले होते. आणि नुसता बसलेला हात, तुम्हाला आठवत असेल, जास्त कापत असे. ती थरथर रॉडमधून तंगुसात आली आणि तंगुसातून माझ्या नाकात. ओठ नव्हता, म्हणून मी डुललो नाही, बुडी मारली नाही. जागच्या जागी, बारीक बारीक थरथरत राहिलो. आतली गोळी हळूच टिकटिकत होती. जखमी, दमलेला छोटा मासा असाच असतो, न पळणारा आणि न मेलेला. सावलीतून एक बास सावकाश बाहेर आला. त्याने मला पाहिले, आणि जन्माचा सगळा संशय विसरून मला गिळले.

"बाबा! रॉड!" ताई ओरडली.

बाबांनी तो मासा दोन्ही हातांनी वर काढला. ताईने माझ्याकडे पाहिले, माझ्या तुटक्या ओठाकडे पाहिले, मग बाबांच्या हाताकडे. तिला कळले. बाबांनाही कळले असावे, कारण त्यांनी घाईघाईने हात खिशात घातला. घरी आल्यावर ताईने रात्र व्हायच्या आत माझा उरलेला ओठ घासून गुळगुळीत केला आणि पोटातले शिसे असे बेताचे केले की मी पाण्यात ना बुडावे ना तरंगावे.

मग माझे सुखाचे दिवस आले. बाबा धक्क्याच्या टोकाला सगळ्यांकडे पाठ करून बसत आणि दर रविवारी दोन-तीन बास लागत. एखादा घरी येई, बाकीचे ते पाण्यात सोडून देत. एकदा मात्र घोटाळा झाला. माझी डबी आणि बाबांच्या कवळीची डबी सारखीच. एका रविवारी मी घरीच न्हाणीघरातल्या फळीवर राहिलो आणि तळ्यावर गेले बाबांचे दात. पेटीमास्तरांनी डबी उघडून विचारले, "याला कुठला मासा लागतो रे?" बाबा बोळक्या तोंडाने म्हणाले, "हे पकडायला नाही, पकडल्यावर लागतं." ताई घरी येऊन हे सांगताना इतकी हसत होती की तिला धड बोलता येईना. त्या दिवसापासून माझ्या डबीवर लाल पट्टी आली.

इकडे पेटीमास्तरांची झोप उडाली होती. तीन मजली पेटी आणि रिकामे हात, आणि शेजारी एका हिरडीला मासे लागतात! त्यांनी पक्कड घेऊन आपल्याच तिघांचे ओठ तोडले. माझ्या त्या बिचाऱ्या भाऊबंदांना त्यांनी झटके देऊन पाहिले, हलवून पाहिले, शिव्याही देऊन पाहिल्या. एकही बास फिरकला नाही. मुद्दाम हलवलेला हात एकतर जास्त हलतो नाहीतर थकतो.

आणि मग तो रविवार आला. ताईकडे तातडीच्या चार कवळ्या आल्या होत्या. ती म्हणाली, "बाबा, आज नको." बाबा म्हणाले, "मी जातो." ते पहिल्यांदाच एकटे निघाले. धक्क्यावर बसल्यावर लक्षात आले, की मला तंगुसाला ताईच बांधत असे. कडी बारीक, तंगूस बारीक. त्यांनी ओवायला सुरुवात केली. टोक कडीच्या डावीकडे गेले, उजवीकडे गेले, वर गेले. दहादा, वीसदा. मी त्यांच्या बोटांत होतो. ती बोटे घामाने ओली झाली होती. एका रेघेत काच कापणारा माणूस एका छिद्रापुढे हरत होता, आणि मला माझे नाकही पुढे करता येत नव्हते.

पेटीमास्तर उठून आले. "डोळ्यांना दिसेना वाटतं तुला. दे इकडे." त्यांनी मला ओवले, गाठ मारली. बाबांना सबब आयती मिळाली होती. चष्म्याचे नाव सांगितले की भागले असते.

बाबांनी मला झाडाच्या सावलीत टाकले. थोड्याच वेळात बास लागला, चांगला हातभर. पेटीमास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी मासा पाहिला, मला पाहिले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आता सांगच. मी तिघांचे ओठ तोडले, तरी एक मासा नाही. तू हलवतोस तरी कसं हे?"

बाबांचा हात खिशात गेला होता. तो तिथेच थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो बाहेर काढला आणि पेटीमास्तरांच्या डोळ्यांसमोर धरला. हात कापत होता.

"असं," बाबा म्हणाले. "आणि मला थांबवता येत नाही."

पेटीमास्तरांनी त्या हाताकडे पाहिले. मग आपली पेटी बंद करत म्हणाले, "हे नाही रे माझ्याकडे. तीन मजल्यांत कुठे नाही." आणि ते बाबांच्या शेजारी फळीवर बसले. त्या दिवशी त्यांनी पुन्हा गळ टाकलाच नाही.

आता मला सात वर्षे झाली. बाबांना मला लांब फेकता येत नाही. पेटीमास्तर फेकतात आणि रॉड बाबांच्या हातात देतात. बाबा आता धक्क्याच्या टोकाला नाही, मधोमध बसतात. हात मांडीवर, उघडा. ताई म्हणते, त्यांच्या पँटचे खिसे आता फाटत नाहीत.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. आमच्या गळांना टोपण घालून ठेवा, तुटलेले तंगूस पाण्यात सोडून जाऊ नका, त्यात पाखरांचे पाय अडकतात. डबी उघडण्याआधी तिच्यावरची पट्टी बघा. आणि कुणाचा हात कापताना दिसला, तर मान वळवू नका आणि तो धरायलाही धावू नका. आधी शेजारी बसा. मी आयुष्यभर फसवणूकच केली, पण माझ्या त्या मालकाने खरे बोलायला सुरुवात केली ती माझ्यामुळे. एका निरामिष आमिषाला यापेक्षा मोठा मासा लागणार नाही.